रोवन्याची फिलम

गाव सोडतानी मानसाची एकदाच बिदाई होते. माही दोनदा झाली.

पहिल्या दिवशी अर्धं गाव अर्जुनीच्या ठेसनावर आलं होतं. माय रडून राहिली होती. भागरता, म्हंजे माही बायको, पदर दातात धरून उभी होती. माह्या गळ्यात झेंडूचा हार. ठेसनावर दोन गाड्या उभ्या होत्या, एक भरलेली अन् एक मोकळी. हार घातलेल्या मानसाले मोकळी गाडी शोभते असं मले वाटलं, म्हनून मी तिच्यात चढलो, खिडकीतून लय वेळ हात हालवला. अर्ध्या घंट्यानं तिकीट पाहानारा म्हने, "गोंदियाचं तिकीट घेऊन चांद्याकडं काऊन चालला गा?" पुढच्या ठेसनावर उतरलो अन् रुळारुळानं पायी परत आलो. घरी पोचलो तवा माय नुकतीच रडून उठली होती. मले दारात पाहून तिनं हातातला गडवा खाली ठेवला अन् म्हनलं, "एवढ्या लौकर मुंबई पाहून झाली?"

दुसऱ्या दिवशी कोनी आलं नाई. एकदा रडलेलं मानूस पुन्हा कायले रडन? माहा बा तेवढा आला. तो गाडीच्या आधी इंजिनाजवळ गेला, इंजिनवाल्याले विचारलं, तोंड कोनीकडं हाय ते डोळ्यानं पायलं, अन् मंग मले हाताले धरून डब्यात बसवलं, नवरीले बसवतात तसं.

बसवून झाल्यावर तो खिडकीजवळ उभा राहिला. आम्ही तलाव बांधनारे कोहळी. बाचं सारं आयुष्य पाळीवर माती टाकन्यात गेलं. बोलन्यात तो कंजूस होता. म्हने, "डोम्या, आजपर्यंत तुहं एक काम पुरं झालं नाई."

हे खरं होतं. बोडीची, म्हंजे लहान तलावाची, पाळ मी अर्धी बांधली, पान्यानं उरलेली अर्धी शोधून काढली. परसातली विहीर कमरेएवढी खोदली, तिच्यात कोंबड्या बसत. दंडारीत मले राक्षसाचं सोंग दिलं होतं, मी मधातच भूक लागली म्हनून घरी गेलो, अन् देव बिचारा तलवार घेऊन उभाच राहिला.

"जाऊन राहिला त जा," बा म्हने. "पन एक त काम पुरं कर. अन् केलं की मले दाखव. मी माह्या डोऱ्यानं पाहीन तवाच मानीन."

गाडी हालली. बानं हात हालवला नाई. तो गाडीकडं नाई, चाकाकडं पाहून राहिला होता, बरोबर दिशेनं फिरते का नाई ते.

तर गावच्या मंडळीनो, अन् जे माह्यासारखे निघून गेले त्या साऱ्यांनो, कोनी नागपूरच्या गिरणीत असन, कोनी आसामच्या चहाच्या मळ्यात, तुमाले सांगून राहिलो की त्या एका कामाले मले वीस वर्सं लागली. अन् त्यातलं अर्धं मी माह्याच हातानं धुवून टाकलं.

हे सारं मंडईपासून सुरू झालं. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हंजे जत्रा, भरते, तिथं एक वर्स एक हिंदी बोलनारा म्हातारा कंदील घेऊन आला. त्याच्या कंदिलात काचेवरचं चित्र सरकवलं की भिंतीवर मोठं दिसे. एका काचेवर दुसरी काच, तिच्यावर फक्त घोड्याचं शेपूट. म्हातारा वरची काच हालवे, घोडा शेपूट हालवे. गाव खुश. पन त्याच्याजवळ दुसरी एक चीज होती, ती तो फार कोनाले दाखवत नसे. पत्र्याचा गोल डबा, त्याले उभ्या चिरा, अन् आतून चिकटवलेली कागदाची पट्टी. डबा फिरवून चिरेतून पाहायचं. आत एक मानूस पळून राहिला होता. खरंच पळून राहिला होता! मी त्याले पकडाले बोट घातलं, डबा थांबला, अन् म्हाताऱ्यानं माह्या बोटावर काठी मारली.

डबा थांबल्यावर मी आत पायलं. बारा चित्रं. बारा मानसं उभी, एकही हालत नाई. म्हाताऱ्यानं पुन्हा फिरवला, बारा मानसं कुठं गेली, एकच उरला, तो पळून राहिला. लोकाईले एखाद्या बाईचं याड लागते. मले डब्याचं लागलं.

कागद कुठला घरी? मी पळसाची पानं घेतली, पंधरा-सोळा, कोळशानं एकेकावर बेंडूक काढला, थोडा थोडा उचलत नेला, अन् काडीनं पानं एका बाजूनं टाचली. आंगठ्यानं सोडत गेलो की बेंडूक उडी मारे. दुसऱ्या दिवशी पानं वाळली, मुरडली, अन् बेंडकाच्या अंगाले सुरकुत्या पडल्या. तिसऱ्या दिवशी भागरतानं त्या बेंडकाच्या पत्रावळी लावल्या. तिले त्याच्यातली अक्कल तेवढीच दिसली. म्हाताऱ्यानं जातानी सांगितलं होतं, मुंबईत असल्या कामाचे कारखाने निघून राहिले. म्हनून मी निघालो. वर्सभरानं भागरता मागून आली. तिनं गाडी बरोबर धरली.

मुंबईत परळकडं एका गोदामात आमचा कारखाना. मालक पारशी, त्याले सारे शेठ म्हनत. मी गेलो तवा चित्र हालवाची तऱ्हा वेगळी होती. पुठ्ठ्याची मानसं कापायची, खांद्याले, कोपराले, गुडघ्याले दोऱ्यानं सांधे करायचे, टेबलावर निजवायची, वरून क्यामेरा खाली पाहे. हात एक केसभर सरकवा, क्यामेऱ्याची मूठ एकदा फिरवा. पुन्हा केसभर, पुन्हा मूठ. दिवसभरात एक राजा सिंहासनावरून उठे, बस. मी तथी मानसं निजवनारा होतो. एक दिवस राजाची सारी फौज निजवली, चाळीस शिपाई, अन् मले शिंक आली. त्या लढाईत कोनी वाचलं नाई. शेठ म्हने, "डोमा, तेरेको दुश्मन की तरफ से भेजा है क्या?" तवापासून माह्या नाकाले फडकं बांधूनच मले आत घेत.

मंग पुठ्ठे गेले अन् कागद आले. प्रत्येक वेळी सारंच चित्र नवं, मानूस नवा, झाड नवं, डोंगर नवा. अन् हातानं काढलेलं झाड दोनदा सारखं येत नाई, म्हनून पडद्यावर सारी झाडं थरथर कापत, जशी हिवतापानं. डोंगरसुद्धा कापे. त्याच्यानंतर पारदर्शी शीट आल्या, काचेसारख्या, पन वाकनाऱ्या. झाड-डोंगर एकदाच कागदावर काढायचे, अन् मानूस तेवढा शीटवर, पुढून काळी रेघ, मागून रंग. शीट कागदावर ठेवली की मानूस जंगलात उभा. जंगल एक, मानसं हजार. झाडाईचा हिवताप तवा थांबला.

शीट महाग. म्हनून फोटो निघाला की शीट धुवायची, पुसायची, दोरीवर वाळवायची, पुन्हा तिच्यावर दुसरं काढायचं. हे धुवाचं काम माह्याकडं आलं. मुंबईले गेलेला डोमा मोठा चित्रकार झाला, अशी गावात खबर होती म्हनतात. डोमा धोबी झाला होता. राजे धुतले, वाघ धुतले, एकदा सारी लंका धुतली. अकरा वर्सं.

मी शाळेत गेलो नाई हे तुमाले माहीत हाय. अक्षरं मी लय मंग शिकलो, आधी अंक शिकलो, कारन हर शीटच्या कोपऱ्याले अंक असे. अन् तेबी अर्धेच शिकलो. एकदा हत्ती सोंडेनं नदीचं पानी पिऊन राहिला होता, साठ-सत्तर शीट. मी वाळलेल्या शीट दोरीच्या उलट्या टोकाकडून गोळा केल्या अन् गठ्ठा तसाच क्यामेऱ्याकडं दिला. पडद्यावर हत्तीनं सारी नदी ओकली. लोकाईले ते लय आवडलं, टाळ्या पडल्या. पन शेठनं क्यामेरावाल्या मदनलालले ताकीद दिली, "डोमा के गठ्ठे का भरोसा नहीं, खुद देख के लगाना." मदनलाल पंजाबकडला, भला मानूस, गव्हाच्या मुलखाचा. त्यानं ही ताकीद मनापासून पाळली. हे ध्यानात ठेवा.

बोलपट आले, चित्राईले ढोलकीच्या तालात पाय टाका लागले. मंग लढाई आली, शीट मिळनं बंद झालं, धुवाचं काम दुप्पट झालं. अन् एक दिवस शेठले सरकारकडून काम आलं. धान कसं पिकवावं ते दाखवनारी लहान फिलम, तंबूतंबूत, बाजाराबाजारात फिरवाची.

आमच्या चित्रकाराईनं रोवन्याचं, म्हंजे धानाची रोपं चिखलात लावाचं, चित्र काढलं. बाया देवळातल्या नाचनारणीसारख्या ताठ उभ्या, वाळलेल्या जमिनीत एकेक काडी खोसून राहिल्या, अन् पुढं पुढं चालून राहिल्या. जे रोवलं त्याच्यावरच पाय देऊन! मी शीट पुसून राहिलो होतो, मले हासू आलं. एकटाच हासलो.

शेठ म्हने, "हसता क्यों है?"

मी म्हनलं, "शेठ, ये औरतें अपना ही धान कुचल रही हैं. रोवना उलटा चलता है. औरत पीछे पीछे जाती है, धान सामने रहता है."

"तू बना के बता," शेठ म्हने. "नहीं बना, तो मरते दम तक शीट धोना."

त्याच महिन्यात घरून पत्र आलं होतं. शाळेतल्या गुरुजीनं लिहिलं होतं, तुह्या बाच्या डोळ्यात फूल पडून राहिलं, उजवा गेल्यातच जमा, डावा हळूहळू जाईन. आमच्याकडं डोळ्याले डोरा म्हनतात, गुरुजीनं डोळा लिहिलं, म्हनून मले ते दुसऱ्याच कोनाच्या बापाचं वाटलं थोडा वेळ. मंग समजलं. मी शेठले हो म्हनलं. आता दुसरी कोनती बारी येनार होती?

पन मी मरद. मी जिंदगीत रोवना केला नाई. आमच्याकडं तो बायाईचा. मी पाळीवर बसून पायलेला. भागरतानं मातर पंधरा वर्सं केलेला.

चाळीतली आमची खोली, लादीची. मी भागरताले म्हनलं, "रोवून दाखव."

"कायचं?"

मेथीच्या दोन जुड्या आनल्या होत्या, धानाच्या रोपाच्या बदली. "हे परे समज."

तिनं माह्याकडं पायलं. "लग्नात माह्या बापानं विचारलं होतं, पोरगा बरा हाय ना? त सारे म्हनाले, हो, बरा हाय." मंग तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, जुडी डाव्या हातात घेतली, अन् वाकली. खोलीत चिखल नोता, पानी नोतं, पन ती वाकली अन् मले पान्याचा आवाज आला. उजव्या हाताच्या तीन बोटानं दोन काड्या घ्यायच्या, आंगठ्यानं मुळी दाबायची, हात वर येतो न येतो तोच दुसऱ्या काड्या. पाय मागं नेतानी आधी टाच उचलायची, नाई त चिखल पाय सोडत नाई. कंबर सरळ करायचीच नाई. मी काढून राहिलो, ती मागं मागं जाऊन राहिली, अन् दाराबाहेर निघून गेली. शेजारीन पान्याची बालदी घेऊन उभी. "भागरताबाई, काय शोधता?"

"माहं नशीब," भागरता म्हने, अन् एक मेथी शेजारनीच्या दारात रोवून परत आली.

माही चित्रं ती तपासे. मी समजत होतो लय सुंदर बाई काढली. ती म्हने, "हे कोन वो? हिले कंबरच नाई. ही बाई दुपारपर्यंत मरन." खोडलं, पुन्हा काढलं. "आता कंबर हाय. पन आंगठा कुठं हाय? हिचे परे उद्या सकाळी पान्यावर तरंगतीन." पुन्हा काढलं. "आता बरं. पन ही हासून कायले राहिली? पाठ तुटून राहिली असतानी कोन हासते?" असे महिने गेले. मेथीची भाजी आमी त्या साली एवढी खाल्ली की तोंडाले कडूपना राहून गेला.

दीड मिनिटाचा रोवना. हजाराच्या वर शीट. पाच बाया मागं मागं जातात अन् रिकामी बांधी, म्हंजे धानाचं बांध घातलेलं वावर, त्याइच्या समोर हिरवी होत जाते. शेवटचा अंक टाकला तवा मले हिवताप चढला, खरा, डोंगरावानी कापाले लावनारा. मी आठ दिवस खोलीत पडलो. तिकडं मदनलालनं गठ्ठा हातात घेतला. पहिली शीट, दुसरी, तिसरी. बाया मागं चालून राहिल्या. त्याले वाटलं, डोमानं पुन्हा हत्तीवानी केलं. मानसं कुठं मागं चालतात? माहे अंक त्यानं पायले, पन माह्या अंकाईची इज्जत त्याले माहीत होती. शेठची ताकीद होतीच. त्यानं सारा गठ्ठा पालथा केला, शेवटची पहिली, पहिली शेवटची, अन् लय काळजीनं एकेक फोटो काढला. दोस्ताची चूक झाकली, या खुशीत तो माह्यासाठी मोसंबी घेऊन आला.

मी बरा झालो अन् पहिल्यांदा काय केलं? शीट धुतल्या. काम झालं ना! एकेक बाई फडक्यानं पुसली. तिच्या आंगठ्यासकट, टाचेसकट. कागदाच्या कच्च्या चित्राईच्या पाठीवर दुसऱ्या लोकाईनं माकडं काढली होती, मी काई म्हनलं नाई. कारखान्यात फिलम लावून पायली, तवा मी पडद्याकडं पाठ करून उभा राहिलो. मी म्हनलं, मी पहिल्यांदा बाच्या बाजूले बसूनच पाहीन. एवढा शहाना मी. शेठनं पायली अन् पाठ थोपटली, "कटाई अच्छी बनाई." मले वाटलं, शेठले रोवना अन् कापनी सारखीच. तेबी मी हासून सोडलं.

अन् फिलमच्या मागं आमी दोघं गोंदियाले आलो. दुपारचा खेळ होता. लहान गाडीनं बा आला, गावचे दहा-बाराजन आले. बाच्या डाव्या डोळ्याले अजून दिसत होतं, तोंड जरा तिरपं करून. मी त्याले पुढच्या बाकावर बसवलं. अंधार झाला. ढोलकी वाजली. माही बांधी दिसली, हिरवीगार, गच्च भरलेली.

भरलेली काऊन? मी मनात म्हनलं.

पाच बाया वाकून पुढं पुढं येऊन राहिल्या. हर बाई चिखलात हात घाले, परे उपटे, डाव्या हातातल्या जुडीत खोसे. ढोलकीच्या तालात. त्याइच्या मागं पुढं कुठं एक काडी उरली नाई. दीड मिनिटात सारी बांधी उजाड.

मागून गावची एक बाई ओरडली, "अवो माय, परे उपटून राहिल्या!"

"डोमाजी, कोनाची दुश्मनी काढली गा?"

गोंदियातले हिंदी लोक त वेडे झाले. "अरे लूट लिया! पूरा खेत लूट लिया!" शिट्ट्या पडल्या. पुन्हा दाखवा म्हनाले. माह्या जिंदगीत माह्या कामाले पुन्हा दाखवा कोनी म्हनलं असन त ते तवाच. भागरता पदर तोंडावर घेऊन बसली. मी बाकाखाली जागा पाहून राहिलो होतो.

बाहेर उन्हात आलो. बा कडुनिंबाखाली बसला. मी म्हनलं, आता म्हनन, घरी चल, कोंबड्याईची विहीर पुरी कर.

बा म्हने, "आंगठा बरोबर हाय."

त्यानं हवेत आंगठा दाबून दाखवला.

"टाच बरोबर हाय. कंबर बरोबर हाय. तू नाई चुकला. फिरवनाऱ्यानं उलटं फिरवलं."

साऱ्या गोंदियात एका डोळ्याच्या मानसाले ते दिसलं. मी तथीच रडलो असतो, पन आजूबाजूले आमचेच लोक शिट्ट्या मारून राहिले होते.

"मंग सुलटं फिरवून आन," बा म्हने.

"बा, ते होत नाई. पट्टी उलटी लावली त बाया डोक्यावर उभ्या राहातीन अन् ढोलकीबी उलटी वाजन. शीट धुतल्या. पुन्हा फोटो काढाले काईच उरलं नाई."

"कोनी धुतल्या?"

"मी."

बानं माह्याकडं तो डावा डोळा तिरपा केला. मले वाटते त्याले हासू आलं होतं, पन त्यानं ते वापरलं नाई. म्हने, "मंग पुन्हा काढ. मी थांबतो. डोरा थांबते का नाई ते मातर मले सांगता येत नाई."

मुंबईले परत गेलो. शेठ म्हने, फिलम पास झाली, लोक हसून राहिले, सरकार खुश, पुन्हा कायले? मी म्हनलं, शेठ, माही दिवसाची धुलाई मी करीन, सकाळी कारखाना उघडाच्या आधीचे दोन घंटे मले द्या, अन् फेकलेल्या शीट द्या, ओरखडे पडलेल्या. शेठ म्हने, "तेरी मर्जी, पागल." मदनलालले सारं समजलं तवा तो दोन दिवस जेवला नाई. मंग एका ऐतवारी आमच्या खोलीत आला अन् भागरताले म्हने, "भाभी, मुझे सिखाओ." तिनं त्याच्या हातात मेथी दिली. सहा फूट उंच मानूस लादीवर वाकला, मागं मागं गेला, अन् कपाटावर जाऊन आदळला. उठून म्हने, "अब समझ में आया. धान को देखते रहना पड़ता है, पीछे क्या है ये नहीं."

ओरखड्याच्या शीट मी राखेनं घासघासून नितळ केल्या. भागरताचे गुडघे आता आधीसारखे राहिले नोते, उठतानी ती भिंतीले धरे, पन वाकली की तीच. सकाळी दोन घंट्यात पाच शीट, कवा सात. पावसाळा गेला, हिवाळा गेला. काम सोडावं असं मले दोनदा वाटलं. एकदा मी म्हनलंसुद्धा, अर्धा मिनिटच दाखवू, कोनाले समजते? भागरता चुलीपाशी होती, ती वळलीबी नाई. "त्याले समजन," एवढंच म्हनाली. या खेपेले फोटो काढतानी मी मदनलालच्या बाजूले उभा होतो, अन् हर शीटचा अंक मोठ्यानं म्हनत होतो, पाढे म्हनतात तसे.

दुसरी फिलम अर्जुनीच्या बाजाराच्या दिवशी तंबूत लागली. रोवना आटपून आलेल्या बाया होत्या, पायाले अजून चिखल. गुरं बांधून आलेले मानसं होते. बाले मी हाताले धरून आनलं. डावा डोळाबी आता फक्त उजेड अन् अंधार सांगे. त्याले मी पुढं बसवलं तरी काई फरक पडनार नोता, पन पुढंच बसवलं.

ढोलकी वाजली. रिकामी बांधी दिसली. बाया वाकल्या अन् मागं मागं जाऊ लागल्या.

माह्या मागं दोन बाया मिरच्याच्या भावावर बोलून राहिल्या होत्या, त्या बोलतच राहिल्या. एकजन उठला, बाहेर जाऊन आला. एकानं विचारलं, "खेळ कवा सुरू होते गा?" बांधी हिरवी झाली. एक बाई लुगड्याच्या पदरानं लेकराचं नाक पुसता पुसता पडद्याकडं पाहून म्हने, "तिसरी हळू हाय," अन् दुसरी म्हने, "म्हातारी दिसते," अन् पुन्हा मिरच्या. फिलम संपली. कोनी टाळी वाजवली नाई. दोन्ही खेपेचं मिळून तीन वर्साचं काम लोकाईच्या डोळ्यापुढून गेलं, जशी बाजूच्या शेतातून रोजची बाई जाते.

बानं माहा हात धरला. "सुरू झालं का?"

"झालं, बा. अन् संपलंबी."

"कोनी हासलं नाई?"

"नाई."

"काई म्हनलं?"

"तिसरी बाई हळू हाय म्हने."

"हाय का?"

"हाय. भागरताचे गुडघे दुखत होते तवा काढली."

बा समोरच्या उजेडाकडं तोंड करून बसला होता, तिथं आता दुसराच कोनता राजा नाचून राहिला होता. मंग म्हने, "त झालं डोम्या. पुरं झालं." अन् मले म्हने, "चल, बाहेर चल, आता हे कायले पाहायचं?"

आता इंग्रज गेला. कारखान्यात नवा झेंडा लावला, मीच दोरी ओढली, अन् तो अडकला, शिडी आना लागली. धुलाईचं काम दुसऱ्याकडं गेलं, मी काढतो. बा गावाले पाळीवर बसून असते, हातानं माती चाचपून सांगते पाळ कुठं नरम पडली. मले मुंबईत येऊन आता जेवढे दिवस झाले, तेवढे गावात गेले नाई. लोक विचारतात, डोमाजी, घर कुठं? पहिले मी अर्जुनीच्या पल्याड दोन कोस म्हनत होतो. मंग काई वर्सं परळ म्हनलं. आता मी नुसता हासतो.

खरं सांगू? मुंबईत माही चूक कोनाले दिसत नाई. बैलाचं वशिंड मागं काढा, तलावाचा सांडवा वरच्या अंगाले काढा, सारे म्हनतीन, वा डोमा. परक्या ठिकानी मानूस मजेत राहाते ते काई उगीच नाई. पन वर्सातून एकदा भागरता गावाले जाते, तवा मी माह्या नव्या चित्राईची थैली तिच्याबरोबर देतो. ती रोवन्यावर, विहिरीवर, बायाईले दाखवते. तथून त्या चित्राईले जे ऐकावं लागते, ते ती मले एकही शब्द न गाळता आनून देते. ज्या जागेवरून माहं चित्र नापास होऊन परत येते, तेच माहं घर. मले दुसरं काई सुचत नाई.

या साली थैलीत चाळीस होते. सात परत आले. एकात बाईनं विळा डाव्या हातात धरला म्हने, एकात मेंढराले सहा पाय दिसतात. मोजले मी. सहाच होते.

काढून राहिलो पुन्हा.